चांद्याचा तट आणि चांद्याचा कोळसा

चैत्र महिना लागला म्हणजे परभणी, हिंगोली, नांदेड या भागांतील खेड्यापाड्यांतून माणसे चांद्याच्या वाटेला लागतात. महाकालीची यात्रा भरते ती चांद्यास, म्हणजे विदर्भाच्या पूर्व भागात. परंतु तीत गर्दी दिसते ती मोठ्या प्रमाणावर मराठवाड्याची. कोणी आगगाडीने पूर्णा, नांदेड, मुदखेड, किनवट, आदिलाबाद असा वळसा घेत जातात, कोणी गावकऱ्यांनी मिळून ठरविलेल्या मोटारीतून. पोतराज, हलगी, कवड्यांच्या माळा, हळदीने माखलेली कपाळे असा हा सारा मेळा पैनगंगा ओलांडून वणीच्या बाजूने वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरतो. देवीचे माहात्म्य या लोकांना तोंडपाठ असते. मात्र वणीपासून पुढे रुळांच्या दोहों बाजूंना मातीचे जे काळे-करडे डोंगर दिसू लागतात, ते देवाने केलेले नसून माणसाने केलेले आहेत, आणि ज्या नगरीला आपण निघालो आहोत ती नगरीच मुळी एका प्रचंड कोळशाच्या थरावर वसलेली आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चांद्याची आजची सारी सुखदुःखे मात्र त्या थरातूनच वर आलेली आहेत.

चांद्याचे नाव 1964 साली चंद्रपूर असे झाले. तरी जुन्या माणसांच्या तोंडी चांदा हेच नाव अद्याप आहे, आणि इतिहासाविषयी बोलताना तेच सोयीचे पडते.

परभणीच्या माणसाला प्रथम आपल्या पायाखालची जमीन आठवावी, म्हणजे चांद्याची जमीन समजावयास सोपी जाईल. परभणीची काळी कसदार माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली, तो पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडून थरावर थर पसरलेला आणि निवालेला लाव्हारस होय. विहीर खणताना लागणारा काळा फत्तर तोच. हा पाषाण पश्चिमेस सह्याद्रीपर्यंत अखंड पसरलेला आहे. परंतु पूर्वेस वणी-वरोऱ्याच्या आसपास त्याची कड संपते आणि त्याखाली झाकून राहिलेले फार जुने खडक उघडे पडू लागतात. त्यांचे वय पंचवीस कोटी वर्षांहून अधिक. त्या काळी येथे खचत जाणारी एक लांबलचक दरी होती, तीत दलदली होत्या, आणि त्या दलदलींत जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे दाट माजत. झाडे पडावीत, पाण्यात बुडावीत, वर गाळ साचावा, तळ आणखी खचावा, पुन्हा नवे रान उगवावे, असा क्रम लक्षावधी वर्षे चालला. गाळाच्या भाराखाली दडपून त्या रानांचा दगडी कोळसा झाला.

या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञांनी 1870 नंतरच्या दशकात ‘गोंडवन’ हे नाव दिले, ते गोंडांच्या देशावरून. पुढे शास्त्रज्ञांना आढळून आले की, त्याच जातीच्या झाडांचे अवशेष दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथेही सापडतात. हे सारे भूखंड एकेकाळी एकत्र जोडलेले होते आणि त्या महाखंडाचे नाव आज जगातील प्रत्येक विद्यापीठात ‘गोंडवाना’ असेच घेतले जाते. ज्या गोंड राजांचे राज्य 1751 साली नागपूरकर भोसल्यांनी खालसा केले, त्यांच्या जमातीचे नाव अर्ध्या पृथ्वीला मिळावे, हा योगायोग मोठा विलक्षण खरा.

या गोंड राजांची चांद्याआधीची राजधानी बल्लारपूर येथे, वर्धा नदीच्या काठी. चांद्याच्या स्थापनेची आख्यायिका अशी सांगतात की, खांडक्या बल्लाळशाह या राजाचे अंग गळवांनी भरलेले होते. एकदा शिकारीस गेला असता तहान लागून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. तेथे एका डबक्यात थोडेसे पाणी होते. ते त्याने प्यायले, हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्याला वर्षानुवर्षांत लागली नव्हती अशी शांत झोप लागली. सकाळी अंगावरील व्रण नाहीसे झाले होते. राणीने ती जागा शोधून काढविली, तेथे देवस्थान उभे राहिले. पुढे त्याच भागात राजाच्या कुत्र्याचा एका सशाने उलट पाठलाग केला. ससा वाटोळे धावत राहिला, आणि तो जेथून जेथून धावला त्या रेषेवर तट बांधावा असा सल्ला राणीने दिला. ससा कुत्र्यावर उलटल्याची कथा हिंदुस्थानातील आणखी कितीतरी गडकोटांविषयी सांगतात, तेव्हा तिच्यावर फार भर देण्याचे कारण नाही. पण पाण्याची कथा तशी नव्हे. या नगरीचा जन्मच नदीच्या गुणकारी पाण्यामुळे झाला, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढे त्या पाण्याचे काय झाले हे सांगावयाचे आहे.

पश्चिमेस इरई आणि पूर्वेस झरपट अशा दोन नद्यांच्या बेचक्यात नगर वसले. तटाचे काम अनेक राजांच्या कारकिर्दींत चालले. घडीव दगडाचा हा तट पाच मैलांहून अधिक लांबीचा आहे. त्याला जागोजाग गोल बुरूज असून जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत. यांखेरीज पाच लहान वाटा आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बीरशाह राजाचा घात झाल्यावर त्याची राणी हिराई हिने कारभार हाती घेतला. पतीची देखणी समाधी तिने उभारली, आणि महाकालीचे आजचे मंदिरही तिच्याच काळचे. आज मराठवाड्याचा यात्रेकरू ज्या मंडपात लोटांगण घालतो तो एका गोंड राणीच्या हातचा आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही, सांगितली पाहिजे.

तटाची खरी परीक्षा 1818 च्या मे महिन्यात झाली. आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने किल्लेदार गंगासिंग इंग्रजांशी लढला. तोफांनी तटाला खिंडार पडले, किल्लेदार कामास आला आणि नगर पडले. नागपूरचे राज्य 1854 साली खालसा झाल्यावर चांदा हे एका इंग्रजी जिल्ह्याचे ठाणे बनले. जंगल अफाट, वस्ती विरळ, रस्ते जवळजवळ नाहीत, अशी त्या वेळची स्थिती. 1901 च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या अठरा हजारांच्या आतच होती; तटाच्या आतली बरीचशी जागा मोकळी पडलेली.

या निजलेल्या नगरीला जागे केले ते आगगाडीने आणि आगगाडीला बोलावले ते कोळशाने. वर्धा नदीने आपल्या पात्रात वरचे खडक झिजविल्यामुळे घुग्घुससारख्या ठिकाणी कोळशाचा थर काठाशीच उघडा दिसत असे. सरकारने ठिकठिकाणी भोके पाडून तपासणी केली. 1871 साली वरोऱ्यास सरकारी खाणीची विहीर खणण्यास आरंभ झाला, 1877 साली वर्धा ते वरोरा लोहमार्ग सुरू झाला, आणि त्याच वर्षी ह्यूज या भूगर्भशास्त्रज्ञाचा वर्धा खोऱ्याच्या कोळशावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वरोऱ्याची खाण 1906 साली बंद पडली. परंतु तोपर्यंत बल्लारपूरकडील खाण सुरू झाली होती, आणि लोहमार्गही चांद्यावरून बल्लारशाहपर्यंत पुढे सरकला. 1929 साली तो काजीपेठेला जोडला गेला तेव्हा दिल्ली-मद्रास हा थेट मार्ग तयार होऊन चांदा त्या हमरस्त्यावर आले.

मग तटाच्या अगदी लगत खाणी निघाल्या. लालपेठ, रयतवारी, आणि एकीचे नाव तर महाकाली खाण असेच. छत्तीसगडचे, तेलंगणचे, उत्तर हिंदुस्थानचे मजूर आले. मराठी, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी अशा चार-पाच बोली एकाच चाळीत ऐकू येऊ लागल्या. 1973 साली सरकारने या खाणी ताब्यात घेतल्या आणि 1975 पासून त्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत.

आता कोळसा जमिनीतून काढतात कसा, हे थोडे सविस्तर पाहणे अवश्य आहे, कारण वरच्या वस्तीचे भवितव्य त्या पद्धतीत दडलेले आहे. जुनी पद्धत भुयारी. उभ्या विहिरीतून किंवा उतरत्या बोगद्यातून थरापर्यंत जावयाचे आणि मग थराच्या आतच आडव्या-उभ्या वाटा खणीत न्यावयाच्या. या वाटांना खाणीत गॅलरी म्हणतात. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये कोळशाचाच चौकोनी ठोकळा न काढता तसाच ठेवतात; तोच छताचा खांब. नकाशा पाहिला तर बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. अशा रीतीने पहिल्या फेरीत अर्ध्याहून कमी कोळसा हाती लागतो, उरलेला खांबांत अडकून राहतो. तो सोडवावयाचा तर खांब कापावा लागतो, आणि खांब कापला की छत खाली येते. म्हणून कापलेल्या जागी नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडून पोकळी भरून काढण्याची रीत आहे. ती नीट पाळली तर वरची जमीन सहसा हलत नाही. वाळू अपुरी पडली, किंवा पिढ्या गेल्यावर पाण्याने खांब झिजले, म्हणजे एके दिवशी भूमी खचते.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. 26 ऑगस्ट 2022 रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक नांदते घर पाहता पाहता साठ-सत्तर फूट खोल गडप झाले. भिंती हादरू लागल्याबरोबर घरची माणसे बाहेर धावली म्हणून जीव वाचले. खाली जुन्या, केव्हाच बंद झालेल्या भुयारी खाणीची पोकळी होती. शेजारची कुटुंबे त्यानंतर घरे सोडून दुसरीकडे हलविण्यात आली. आपल्या अंगणाखाली कोणे एके काळी माणसे दिवे घेऊन फिरत होती, याची त्यांतील किती जणांना कल्पना असेल?

दुसरी पद्धत उघड्या खाणीची. यंत्रे मोठी झाली तशी हीच पद्धत वाढली. थरावरची सारी माती, मुरूम, वाळूचा खडक उचलून बाजूला टाकावयाचा आणि उघडा पडलेला कोळसा भरून न्यावयाचा. यात छत कोसळण्याचे भय नाही आणि कोळसाही जवळजवळ सगळा मिळतो. परंतु कोळशाच्या एकेका टनामागे कित्येक घनमीटर माती उपसून कोठे तरी ठेवावी लागते. वणी, माजरी, चांदा या पट्ट्यात गाडीतून दिसणारे डोंगर ते हेच. यांपैकी काही इरई व वर्धा यांच्या काठावर रचलेले आहेत. पावसाळ्यात त्यांची माती वाहून पात्रात उतरते, पात्र उथळ व अरुंद होते, आणि पुराचे पाणी पूर्वी जेथे येत नसे तेथे येऊ लागते. 2013 आणि 2022 या साली शहराच्या सखल भागांत पाणी शिरले तेव्हा लोकांनी बोट दाखविले ते या ढिगांकडे. पावसाचाही दोष होताच. पण बोट दाखविणाऱ्यांचे म्हणणे निराधार म्हणता येणार नाही.

खाणीचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. खाण कोरडी ठेवण्यासाठी तीतील पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. खाण जितकी खोल, तितके भोवतालच्या विहिरींचे पाणी तिच्याकडे ओढले जाते. परभणीकडील शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या खोल विहिरीने आपली विहीर आटल्याचा अनुभव असतो. तसाच हा प्रकार, मात्र शंभरपटींनी मोठा.

असे असूनही हा कोळसा काढावा लागतो, याचे कारण दूर शोधावयास नको. चांद्याचा कोळसा फार उच्च प्रतीचा नाही. त्यात ओल जास्त, राख जास्त, आणि ढीग करून ठेवला तर आपोआप तापून पेटण्याची खोड. पोलाद गाळण्याच्या कामी तो उपयोगी पडत नाही. तो मुख्यतः वीज करण्यासाठी जाळला जातो. शहराच्या उत्तरेस दुर्गापूर येथे 1983 पासून औष्णिक वीजकेंद्र चालू असून त्याची सध्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. विजेच्या एका युनिटला ढोबळ मानाने 700 ग्रॅम कोळसा लागतो. परभणीच्या घरात छताचा पंखा उन्हाळ्यात तेरा-चौदा तास फिरला की एक युनिट संपते, म्हणजे वरवंट्याएवढा कोळसा कोठे तरी जळून गेलेला असतो. वीजकेंद्र पूर्ण जोराने चालले तर दिवसाला चाळीस-पन्नास हजार टन कोळसा स्वाहा होतो, आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राख उरते. मराठवाड्यात परळीसही असेच केंद्र आहे. पण तेथे पायाखाली लाव्हारसाचा पाषाण, त्यामुळे कोळसा आगगाडीने दुरून आणावा लागतो. चांद्यास तो घरचाच आहे. धूरही अर्थात घरचाच. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची तपासणी केली तेव्हा अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला, आणि नवे कारखाने काढण्यास काही काळ मनाई झाली.

धातू किंवा कोळसा यांच्या जोरावर वाढलेल्या जुन्या तटबंद शहरांचे प्राक्तन बहुधा सारखेच असते. स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर कार्ताहेना म्हणून एक प्राचीन बंदर आहे. कार्थेजच्या हास्द्रुबाल या सेनापतीने ते इसवी सनापूर्वी 227 च्या सुमारास वसविले, आणि इसवी सनापूर्वी 209 मध्ये रोमच्या स्किपिओने ते जिंकून घेतले. भोवतालच्या टेकड्यांत चांदी व शिसे विपुल. पॉलिबिअस या इतिहासकाराच्या लिहिण्याप्रमाणे रोमनांच्या अमलात तेथील खाणींत 40,000 माणसे राबत. तेथेही तट आहे, जुनी देवालये आहेत, शेजारी खाणकामगारांचे गाव आहे. आणि तेथेही पाण्यावर संक्रांत आली. शहराच्या पूर्वेस पोर्तमान नावाचा एक रम्य उपसागर होता. 1957 पासून 1990 पर्यंत खाणीतील धुवट आणि चुरा नळाने त्यात सोडण्यात आला. सुमारे सहा कोटी टन गाळ साचून उपसागर बुजला आणि समुद्र पाचशे मीटरांहून अधिक मागे हटला. ज्या धक्क्याला होड्या लागत त्या धक्क्यासमोर आज काळपट वाळवंट आहे. पुढे खाणी बंद झाल्या, मजूर पांगले. गाळ मात्र जेथल्या तेथे आहे.

चांद्यास पोर्तमान नाही, झरपट आहे. अंचलेश्वर दरवाजाबाहेर महाकालीच्या मंदिराजवळून ही नदी वाहते, आणि यात्रेकरूने प्रथम तिच्यात स्नान करून मगच देवीपुढे जावयाचे असा परिपाठ आहे. चैत्रात मुळातच पाणी थोडे. त्यात शहराचे सांडपाणी येऊन मिळते, वर जलपर्णीचे हिरवे पांघरूण पसरते. ज्या डबक्याच्या पाण्याने राजाचे व्रण बरे झाले असे सांगतात, त्याच नदीत पाय घालावयास आज माणूस कचरतो. नळाखाली आंघोळ उरकून तो दर्शनाला जातो. यातला दोष सगळाच खाणींचा नव्हे. 1901 साली अठरा हजारांच्या आत असलेली वस्ती 2011 साली तीन लाख वीस हजारांवर गेली आणि तिच्या मोऱ्यांचे तोंड नदीकडेच राहिले. तथापि इतकी वस्ती येथे जमली ती खाणींमुळे, हे विसरून चालत नाही.

तटाची कथा थोडी सुखावह आहे. मध्यंतरी त्याची दशा शोचनीय झाली होती. बुरुजांवर पिंपळ-वड उगवून दगड सुटले होते, कोठे घरे तटाला टेकून उभी राहिली होती, कोठे तट म्हणजे कचरा टाकण्याची हक्काची जागा झाली होती. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण कागदावर होते. 2017 साली इको-प्रो या स्थानिक संस्थेतील तरुणांनी रोज सकाळी कुदळी, फावडी, कोयते घेऊन तटावर जाण्यास सुरुवात केली. चार दिवसांचा उत्साह म्हणून लोकांनी प्रथम दुर्लक्ष केले. परंतु काम महिनोन्‌महिने चालले आणि एकेक बुरूज झाडाझुडपांतून मोकळा होत गेला. पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांचा उल्लेख केला, आणि पुरातत्त्व खात्यानेही दुरुस्तीकडे लक्ष दिले. ज्या शहरात प्रत्येक पिढीने जमिनीतून काही ना काही काढून नेले, तेथे काही मंडळी मजुरी न घेता दगडावरची माती काढीत बसली, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

भुयारी खाणींचे दिवस आता सरत चालले आहेत; मोठे उत्पादन उघड्या खाणींतूनच होते. बंद झालेल्या भुयारांत हळूहळू पाणी चढते. कायद्याने प्रत्येक खाणीचा अचूक नकाशा ठेवावा लागतो आणि खाण सोडताना तो सरकारच्या खाण-सुरक्षा खात्याकडे द्यावा लागतो. कोणत्या घराखाली कितव्या गॅलरीचा खांब आहे, तो पूर्ण आहे की कापलेला, पोकळी वाळूने भरली की तशीच सोडली, या साऱ्याची नोंद त्या नकाशांत असते. घुग्घुसच्या घटनेनंतर चांदा, बल्लारपूर, माजरी येथील जुन्या वस्त्यांना खरी गरज आहे ती या नकाशांची: ते नगरपालिकांच्या बांधकाम खात्यात, भिंतीवर टांगलेले, घर बांधू इच्छिणाऱ्या कोणालाही पाहता येतील असे असावयास हवेत.